खिशातला पांढरा कांदा

खुमकर सरांच्या शर्टाचा डावा खिसा कायम फुगलेला असायचा. शाळेत नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, सर सुपारीचा डबा बाळगतात. मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्याच्या पिशवीत डोकवायची मला उपजत खोड आहे. हिला देवानं नाक जरा लांबच दिलं, असं माझी आई म्हणायची. त्यामुळे रुजू होऊन आठवडाही झाला नसेल, मी विचारलंच, "सर, खिशात काय आहे?"

सरांनी हात घातला आणि एक पांढरा कांदा काढून टेबलावर ठेवला. लिंबाएवढा, पुसून स्वच्छ केलेला, मुळं काढलेला.

"निरीक्षण झालं?" ते म्हणाले. "आता अनुमान काढा."

"उन्हासाठी?"

"बरोबर. पास."

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या वऱ्हाडात वैशाखात घराबाहेर पडणारा माणूस खिशात कांदा टाकतो, बाया पदराच्या गाठीत बांधतात. ऊन लागलं की तो ठेचून नाकाशी धरायचा, तळपायांना चोळायचा, वरून कैरीचं पन्हं पाजायचं. मी मूळची अमरावतीची, मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त तेव्हा डिसेंबर चालू होता. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे स्वेटर घालून बसलो होतो आणि चित्रकलेच्या सरांनी तर कानटोपीही काढली नव्हती.

"पण सर, थंडीत?"

"मॅडम," कांदा परत खिशात ठेवत सर म्हणाले, "तुमी मराठी शिकवा."

तिथून माझं कुतूहल जे जागं झालं, ते पुढं काही वर्षं झोपलं नाही.

आमची शाळा अकोल्याच्या जुन्या शहरात, आणि सरांचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. ते विज्ञान शिकवायचे. तेल्हाऱ्याकडच्या माळी घरातले. भाऊ अजून वाडी करायचा आणि दर हंगामाला पोतंभर कांदे पाठवायचा. शिकवणं असं, की शेवटच्या बाकावरचं पोट्टंही तोंड उघडं ठेवून ऐकायचं. "निरीक्षण आधी, अनुमान मागून" हे त्यांचं पेटंट वाक्य. वर्गात कुणी "सर, अमावास्येला भूत निघते म्हणे" असं म्हटलं की हसायचे नाहीत. शांतपणे विचारायचे, "तू पाह्यलं? नाही? मंग भूत म्हणू नको. 'आजीनं सांगितलं' म्हण." दरवर्षी ते पाणी उकळण्याचा प्रयोग करायचे. एकदा उकळी फुटली की खाली कितीही जाळ घाला, पाऱ्याची रेघ वर सरकत नाही, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावायचे. मुलं हट्टानं आच वाढवायची आणि पारा जागचा हलायचा नाही. मुलं हरली की सरांना लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

असा हा माणूस. आणि तरी त्याच्या काही गोष्टी मला कोड्यात टाकायच्या. सर नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. मीटिंगमध्ये, परीक्षेत, कुणाच्या बारशाला, कुठंही. ती खुर्ची कुणी घेतली असेल तर उभे राहायचे, पण आत जायचे नाहीत. पंगतीत कडेचं पान त्यांचं. सहल निघाली की त्यांचे गुडघे दुखायचे आणि सहल परत आली की बरे व्हायचे. मोर्णा नदीच्या पुलावर गर्दी असली की अर्ध्यातून माघारी फिरायचे. लोक म्हणायचे, मास्तर तऱ्हेवाईक आहे. वऱ्हाडात एवढं म्हटलं की विषय संपतो. माझा संपत नव्हता.

शेवटी मला यामागचं कारण सांगितलं काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, पापड लाटता लाटता. फार वर्षांपूर्वी सर ऐन मे महिन्यात एसटीनं अमरावतीला निघाले होते. गाडी खच्चून भरलेली, सर मधल्या भागात उभे. मूर्तिजापूरच्या जवळ त्यांची छाती एकदम धडधडायला लागली. घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता आपण मरतो, अशी खात्रीच पटली. ओरडून गाडी थांबवली. लोकांनी कडुलिंबाखाली बसवलं, कुणीतरी कांदा ठेचून नाकाशी धरला. थोड्या वेळानं बरं वाटलं. "ऊन लागलं मास्तरले," असं सगळ्यांनी ठरवलं आणि मास्तरांनीही ते मान्य केलं. त्या दिवसापासून कांदा खिशात आला आणि अमरावतीचा रस्ता बंद झाला.

"मंग थंडीतला कांदा?" मी विचारलं.

"आता मले काहून इचारता? त्याईले इचारा," काकू म्हणाल्या आणि लाटणं जरा जोरात फिरवायला लागल्या.

सरांना एकच लेक, मेघा. ती अमरावतीलाच दिली. लग्न अकोल्यात झालं, पण ऐन कन्यादानाच्या वेळी सर मांडवाच्या फाटकाशी उभे होते. मांडवात ऊन लागल्यासारखं होतं, म्हणाले. कन्यादान काकानं केलं. ते मेघाच्या मनातून कधी गेलं नाही. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी बाप एकदाही तिच्या दारात आला नव्हता. माझं माहेर अमरावतीचं, माझ्या खेपा चालू असायच्या. त्यामुळे सर माझ्या हातून तिला सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा पाठवायचे. डबा रिकामा परत यायचा आणि सोबत एक प्रश्न यायचा.

"मॅडम, बाबा वड्या पाठवतात, सोता काहून येत नाहीत? मी काय केलं त्याईचं?"

हा प्रश्न मी सरांपर्यंत पोचवायचे. सर डबा उघडून बघायचे, जणू उत्तर डब्यातच असेल, आणि म्हणायचे, "ऊन उतरू द्या. जातो."

पोळ्याच्या सुमारास मेघाला दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. आणि लेकीला न्यायला माहेरचं माणूस यायचं, हेही ठरलेलं. भाऊ नाही, तेव्हा बापानं जायचं. मेघाच्या सासूबाई तशा समजूतदार. म्हणाल्या, "माय आली तरी आमचं काही म्हणणं नाही. फक्त पौष लागायच्या आत न्या. पौषात लेक आमी धाडत नाही, आणि मंग आठवा लागला की हलवता येत नाही." अडून बसली ती मेघा. तिनं फोनवर बापाला सरळ सांगितलं, "तुमी आले त मी येईन. आई आली त तिले चहा पाजून परत पाठवीन. बाळंतपण इथंच होईल."

वऱ्हाडी लेक आहे. असं बोलली म्हणजे तसंच करणार.

त्यानंतर चारच दिवसांनी स्टाफरूममध्ये ते घडलं. बाहेर धो धो पाऊस, दारं-खिडक्या लावलेल्या, मुख्याध्यापक कसलं तरी परिपत्रक वाचत होते. सर उठले. चेहरा पांढराफटक. दार उघडून व्हरांड्यात गेले आणि पायरीवर मटकन बसले. मी मागोमाग गेले. सर कांदा नाकाशी धरून धापा टाकत होते आणि पागोळ्या त्यांच्या पायांवर पडत होत्या. मी नुसती शेजारी बसले. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला. मग सरांनी कांदा हातात धरून असा काही न्याहाळला, जसा वर्गात ते एखादा दगड न्याहाळायचे.

"मॅडम," ते म्हणाले, "पाऊस चालू हाय."

"हो सर."

"मंग मले ऊन कसं लागलं?"

मला त्या क्षणी त्यांची फार माया आली. इतकी वर्षं पोरांना शिकवलेलं वाक्य माणूस पहिल्यांदा स्वतःला लावून बघत होता.

एका हृदयाच्या डॉक्टरांनी मागेच तपासून सांगितलं होतं, हृदय ठणठणीत आहे, मनाच्या डॉक्टरांकडे जा. तेव्हा सर भडकले होते, "मास्तर येडा झाला म्हणतीन लोक." आता ते आपल्या पायांनी गेले. अकोल्यातल्याच एक डॉक्टरबाई, बोलायला आपल्यासारख्याच. सर परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत भीती कमी आणि उत्सुकता जास्त होती. स्टाफरूमच्या फळ्यावर खडूनं त्यांनी एक रेघ काढली. चढत गेलेली, माथ्यावर थोडी थांबलेली, मग उतरत आलेली.

"हे भेव," सर म्हणाले. "याले आजार म्हणतात. येडेपणा नाही, नाटक नाही. डॉक्टरबाई म्हणते, वावरात राखणीले जागल्या असते ना? डुक्कर आलं की बोंब मारते. चांगला माणूस हाय तो, पाहिजेच. पण माह्या जागल्या वाऱ्यानं कपाशीची पऱ्हाटी हालली तरी बोंब मारून राहिला. म्हणून छाती धडधडते, घाम येते, पाय पळायले तयार होतात. डुक्कर नाही, पण बोंब खरी."

"आणि कांदा?" चित्रकलेच्या सरांनी विचारलं.

खुमकर सरांनी खडू रेघेच्या माथ्याजवळ टेकवला. "दरखेपी मी इथी पळालो. गाडीतून उतरलो, खोलीतून उठलो. मंग भेव उतरलं. ते तसंबी उतरणारच होतं, पण मले वाटलं कांद्यानं उतरवलं. पुढची रेघ मी कधी पाह्यलीच नाही. मॅडम, पाणी उकळल्यावर पारा चढत नाही हे मी साऱ्या गावाले शिकवलं, आन् माह्या भेवाले वरची हद्द हाय हे मलेच माईत नव्हतं."

औषध सुरू झालं. त्यातही सरांनी घोळ घातलाच. गोळ्यांची पट्टी कांद्याच्याच खिशात ठेवली आणि भीती वाटली की एक गोळी तोंडात, असा कारभार आरंभला. डॉक्टरबाईंनी चांगलं फैलावर घेतलं. ही गोळी रोज घ्यायची, भीती असो नसो. तिला लागू पडायला काही आठवडे लागतात. मनानं बंद करायची नाही. "मले म्हणाल्या, सर, गोळीले कांदा करू नका," सर सांगत होते आणि स्वतःच हसत होते.

खरी मजा आली ती पुढच्या उपचारात. भीतीला भेटायला आपण होऊन जायचं, थोडं थोडं, आणि ती उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. आधी छातीची धडधड मुद्दाम आणायची आणि ती आली तरी माणूस मरत नाही, हे अंगाला शिकवायचं. झालं! मधल्या सुट्टीत सर जिने धावत चढायला लागले. खाली येऊन नाडीवर बोट ठेवायचे आणि खूश होऊन सांगायचे, "लय धडधडून राहिलं!" गरगरल्याची भीती घालवायला जागच्या जागी गोल फिरायचं होतं. आमच्या शाळेत फिरती खुर्ची एकच, मुख्याध्यापकांची. मुख्याध्यापक बाहेर गेलेत असं बघून सर त्यांच्या खोलीत घुसले. मुख्याध्यापक चष्मा विसरला म्हणून परत आले तर त्यांच्या खुर्चीत खुमकर सर डोळे मिटून भोवऱ्यासारखे फिरताहेत.

"सर, हे काय?"

"उपचार," सर फिरता फिरता म्हणाले. "थांबू नका म्हणतात डॉक्टरबाई."

मुख्याध्यापक चष्मा घेऊन मुकाट्यानं बाहेर आले आणि मला म्हणाले, "मॅडम, हे बरे होऊन राहिले का वाढून राहिलं?" मी म्हटलं, "बरे होऊन राहिले सर." पण माझीही खात्री नव्हतीच.

मग खुर्ची बदलली. मीटिंगमध्ये सर दारापासून एकेक जागा आत सरकत गेले. कांदा आधी खिशातून पिशवीत गेला, मग टेबलाच्या खणात, आणि दिवाळीनंतर एक दिवस त्याला खणातच कोंब फुटले. सरांनी ते आम्हाला दाखवलं आणि कांदा कुंडीत लावून टाकला. खिसा सपाट झाला. मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

गाडीचा अभ्यास मात्र जड गेला. पहिल्यांदा नुसतं स्टँडवर उभ्या गाडीत बसणं. मग वाटेतल्या बोरगाव मंजूपर्यंत. एका खेपेला सर चालत्या गाडीत कंडक्टरला ओरडून बोरगावच्या अलीकडेच उतरले आणि पायी परतले. काकू म्हणाल्या, राहू द्या आता, मीच जातो अमरावतीले. सकाळी सर पुन्हा स्टँडवर. त्या दिवसापासून मी सोबत जायला लागले. मी शेजारी असले की सर मूर्तिजापूरपर्यंत सुद्धा आले. कडुलिंबाचं ते झाड काही सापडलं नाही, रस्ता रुंद करताना गेलं असावं. सर खिडकीतून ते शोधत राहिले.

मी मनातून फुशारले होते. पौष लागायला आठवडा उरला होता. येत्या शनिवारी मी सरांना घेऊन थेट मेघाच्या दारात जाऊन उभी राहणार, असं माझं ठरलेलं. सर डॉक्टरबाईंकडे जाऊन आले आणि माझ्यासमोर अवघडून उभे राहिले.

"मॅडम, राग नका मानू. डॉक्टरबाईनं इचारलं, गाडीत शेजारी कोण असते? मी म्हटलं, मॅडम असतात, म्हणून हिंमत राह्यते. तर त्या म्हणाल्या..."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मंग त्या मॅडम तुमचा कांदा झाल्या."

मला क्षणभर खरंच राग आला. मग हसू आलं, आणि मग ते हसू ओसरलं. कारण उरलेला रस्ता या माणसाला एकट्यानं जायचा होता, आणि तो रस्ता नेमका मूर्तिजापूरच्या पुढचा.

शनिवारी आम्ही निघालो. ठरल्याप्रमाणे मी मूर्तिजापूरला उतरले. गाडी भरलेली, सर मधल्या बाकावर खिडकीशी, बाजूला दोन बाया आणि एक तुरीच्या शेंगांचं गाठोडं. दारापर्यंत पोचायला त्यांना सगळी गाडी तुडवावी लागली असती. मी खालून खिडकीपाशी गेले. सरांच्या कपाळावर घाम होता आणि उजवा हात सपाट खिशावर.

"सर, उतरायचं का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"नाई," सर म्हणाले. "पुढची रेघ पाह्यची हाय."

गाडी सुटली. मी स्टँडवर बराच वेळ तशीच उभी होते. आता सर परतीच्या एखाद्या ट्रकमधून उतरतील, असं वाटून अमरावतीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत राहिले. सर आले नाहीत.

पुढचं मला मेघानं सांगितलं, सरांच्या घरी, बारशाच्या दिवशी. लेकरू पाळण्यात होतं, घर बायकांनी भरलेलं, आणि मेघा मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन हळू आवाजात सांगत होती.

"मॅडम, दार वाजलं. उघडलं त बाबा. शर्ट घामानं निथळून राह्यला. मार्गशीर्षातली थंडी, आन् माणूस उन्हातून आल्यावानी. मी घाबरली. लहानपणापासून पाह्यलेलं, बाबाले ऊन लागलं की कांदा. धावत आत गेली, कांदा ठेचला, आन् त्याईच्या नाकाशी धरला."

"मग?"

"बाबानं माह्या हात धरला आन् कांदा बाजूले ठेवला. म्हणे, राहू दे बेटा. ऊन नाही लागलं. मले ऊन कधीच लागलं नव्हतं. भेव लागलं होतं. मांडवात बी भेवच होतं." मेघाचे डोळे भरून आले. "मी म्हटलं, आता काय करू? त म्हणे, काही करू नको. बस माह्याजवळ. जाते ते. आमी दोघं तसेच बसून राह्यलो, सासूबाई पाणी घेऊन उभ्या. आन् खरंच गेलं, मॅडम. मंग बाबा म्हणे, चाल, बॅग कोठी हाय?"

तिनं पदरानं डोळे पुसले. मी तिच्या शेजारी घुगऱ्यांच्या वाट्या भरत बसले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझी अमरावतीच्या शाळेत बदली झाली. सरांची गोळी तेव्हा चालूच होती. डॉक्टरबाई हळूहळू कमी करणार होत्या. भीतीही अधूनमधून यायची म्हणे. "येते, बसते, जाते," सर सांगायचे, "पाव्हण्यासारखी." पण माझ्या डोळ्यांसमोर सर उभे राहतात ते बारशाच्या दिवशीचे.

मी निघायला उठले आणि सवयीनं दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं. ती रिकामी होती. सर कुठं गेले म्हणून मी मान उंचावून शोधायला लागले. ओसरीत, मधल्या खोलीत बायकाच बायका, पाऊल ठेवायला जागा नाही. आणि त्या सगळ्या गर्दीच्या पलीकडे, पार आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, दारापासून सगळ्यात लांब, खुमकर सर पाळण्याशी मांडी घालून बसले होते. मांडीवरच्या नातीनं त्यांच्या शर्टाचा सपाट खिसा मुठीत धरला होता. मी लांबून हात हलवला. सरांनी मान हलवून सांगितलं, तुमी जा, मी बसलो इथंच.